चोविसावी बॅटरी

मला नोकरी लागली ती अप्पांच्या चुकीमुळे.

आमचं घराणं एके काळी कापड रंगवणाऱ्यांचं. मैसूरमध्ये आम्ही किती पिढ्या आहोत ते घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. रंगाच्या कढया गेल्या, लाकडी ठसे गेले, आणि माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या, वाट्याला एका गल्लीतलं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान आलं. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, मिठाईच्या डब्यांवरचे स्टिकर. मी बी.कॉम. होऊन दोन वर्षं घरीच होते आणि दुपारी दुकानात बसत होते. त्या सुमाराला गावातल्याच मेटगळ्ळी भागातल्या एका लहान कारखान्याने अप्पांना लेबलं छापायला दिली. लाल तिरक्या रेघांची किनार, मध्ये बॅटऱ्यांचं चित्र, त्यातल्या एका बॅटरीतून निघणारी ज्वाळा. अप्पांनी ती छापून दिली आणि आठवड्याभरात एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ सगळा गठ्ठा परत घेऊन आले.

ते रागावले नाहीत. खिशातून स्टीलची पट्टी काढून त्यांनी लेबलावर ठेवली आणि कन्नडमध्ये अप्पांना म्हणाले, तुम्हीच बघा. लेबल तीन मिलिमीटरनं आखूड होतं आणि लाल रंग विटकरीकडे झुकला होता. बेंगळुरूच्या विमानतळावर माल घेणाऱ्यांनी त्यांची खोकी दारातूनच परत पाठवली होती. अप्पा फिल्मबद्दल, शाईबद्दल, हवेतल्या दमटपणाबद्दल बोलत राहिले. मी पट्टी उचलून चारही बाजू मोजल्या आणि अप्पांना मराठीत सांगितलं की स्क्रीनच चुकीची बनली आहे, उद्यापर्यंत नवी करू. तेव्हा ते गृहस्थ माझ्याकडे वळले आणि मराठीतच म्हणाले, "आपलेच म्हणा की तुम्ही."

त्यांचे पूर्वज जुन्या मैसूरच्या फौजेत घोडदळात होते. त्यांची मराठी आमच्यासारखीच होती, एका वाक्यात दोनदा कन्नडमध्ये जाऊन येणारी. दुसऱ्या दिवशी मी नवी लेबलं घेऊन मेटगळ्ळीला गेले. त्यांनी गठ्ठ्यातून कुठलीही दहा काढून मोजली, पट्टी खिशात ठेवली आणि मला विचारलं की पॅकिंगचं काम करशील का. तीन मिलिमीटर ज्याला दिसतात असं माणूस त्यांना हवं होतं.

कारखान्यात सगळे त्यांना काका म्हणत. मीही म्हणू लागले.

आम्ही बॅटऱ्या बनवायचो त्या एका लहान यंत्रासाठी. ज्यांच्या फुप्फुसांना पुरेसा श्वास ओढता येत नाही अशी माणसं हे यंत्र खांद्याला अडकवून फिरतात. ते हवेतून ऑक्सिजन वेगळा काढतं आणि नळीतून नाकाला पोहोचवतं. आमची बॅटरी साधारण अर्ध्या विटेएवढी, निळ्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेली. आमचा बराचसा माल ईशान्येकडच्या डोंगराळ गावांतल्या रुग्णालयांना जायचा. तिथे रस्त्यानं पोहोचायला फार दिवस लागतात म्हणून विमानानं.

पहिला आठवडा काकांनी मला एकाही खोक्याला हात लावू दिला नाही. एक जुनी, मेलेली बॅटरी उघडून दाखवली. आत पत्र्यासारखे दोन थर आणि त्यांच्यामध्ये कागदाहूनही पातळ पडदा. हा पडदा फाटला की दोन्ही थर एकमेकांना भिडतात, बॅटरी तापते, तापली की आणखी तापत जाते, आणि मग पाण्यानं भागत नाही. "रस्त्यात टेम्पोला आग लागली तर ड्रायव्हर उडी मारेल," ते म्हणाले. "वर गेल्यावर कुठे उडी मारायची?"

मग एकेक गोष्ट शिकवली. विमानानं जाणारी बॅटरी पूर्ण भरलेली नको, शंभरातले तीस भाग चार्ज पुरे, कारण जितकी ऊर्जा आत कमी तितका धोका कमी. प्रत्येक बॅटरी मीटरनं तपासायची. तिच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावायची, म्हणजे कुठल्या धातूला लागून ठिणगी पडणार नाही. प्रत्येकीला स्वतःची पिशवी, खोक्यात स्वतःचा पुठ्ठ्याचा कप्पा. खोकं बंद झालं की कानाजवळ धरून हलवायचं. आत जरा जरी आवाज आला तरी पुन्हा उघडायचं. बाहेरून लेबलं, त्यातलं एक नारिंगी, म्हणजे हे खोकं फक्त मालवाहू विमानात चढेल, माणसं बसतात त्या विमानात नाही.

आणि जी बॅटरी हातातून पडली ती संपली. तिच्यावर ओरखडा असो नसो, मीटर काहीही सांगो. कारखान्यामागे पत्र्याच्या शेडखाली कोरड्या वाळूचा एक ड्रम होता, पडलेली बॅटरी त्यात जायची आणि कारण रजिस्टरमध्ये लिहायचं. काका म्हणत की आत काय झालंय ते तिलाच माहीत, आणि ती सांगते तेव्हा उशीर झालेला असतो.

वर्षभरानं मी बेंगळुरूला जाऊन प्रशिक्षण घेतलं आणि परीक्षा पास झाले. परत आल्यावर एका सकाळी काकांनी मालाबरोबर जाणारा तो लाल किनारीचा कागद माझ्यापुढे सरकवला. हा माल नियमाप्रमाणे बांधला आहे असं त्यावर लिहिलेलं असतं आणि खाली एका माणसाची सही असते. माझं पेन कागदावर टेकेना. काका म्हणाले, "सही करताना समज की त्या विमानाचा पायलट समोरच्या खुर्चीत बसलाय. घाबरू नको, पण तो आहे हे विसरू नको."

दोन वर्षं मी विसरले नाही.

तिसऱ्या वर्षी अप्पांच्या डोळ्यांचा त्रास वाढला. ते मान्य करत नव्हते, पण पत्रिकांवरची अक्षरं सरकू लागली होती आणि गिऱ्हाइकं कुरकुरत होती. आईनं आणि मी मिळून त्यांना डॉक्टरांकडे जायला कसंबसं तयार केलं. वेळ मिळाली होती संध्याकाळी पाचची. त्या दिवशी आमचा चोवीस बॅटऱ्यांचा माल जायचा होता. तीन खोकी, प्रत्येकात आठ. काका दुपारी लवकर घरी गेले होते, का ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. टेम्पो दारात उभा होता. बावीस भरून झाल्या होत्या. तेविसावी पिशवीत घातली, आणि चोविसावी उचलताना आईचा फोन वाजला. फोनकडे बघताना बॅटरी माझ्या बोटांतून निसटली आणि टेबलाच्या उंचीवरून सिमेंटच्या जमिनीवर पडली.

आवाज फार नव्हता. कुणाची मान वर झाली नाही.

मी ती उचलली, फिरवून फिरवून पाहिली. एका कोपऱ्यावर निळ्या प्लॅस्टिकला केसाएवढी चुणी पडली होती, किंवा ती आधीपासूनच असेल. मीटर लावला, आकडा बरोबर आला. पुढच्या बॅटऱ्या अजून तपासणीत होत्या, त्या दुसऱ्या दिवशी मिळणार होत्या. तेवीसच पाठवायच्या तर एक खोकं नव्यानं बांधायचं, वजन पुन्हा, कागद पुन्हा, टेम्पोला थांबवायचं, आणि पाचची वेळ चुकवायची. अप्पा एकदा घरात बसले की पुन्हा निघाले नसते. हे सगळं माझ्या मनात अर्ध्या मिनिटात झालं असेल. मी तिला चिकटपट्टी लावली, पिशवीत घातली, कप्प्यात बसवली. खोकं कानाशी हलवलं. आवाज आला नाही. सही केली.

डॉक्टरांनी अप्पांना भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. वरच्या दोन ओळींनंतर ते गप्प झाले. मग डॉक्टरांनी रंगांचे तुकडे दाखवले आणि अप्पांनी, ज्यांनी जन्मभर रंग कालवले, लाल तुकड्याला तपकिरी म्हटलं. असं कधीपासून होतंय असं डॉक्टरांनी विचारलं. अप्पा माझ्याकडे न बघता कन्नडमध्ये म्हणाले की तीन-चार वर्षं झाली. शाईचे डबे कुठे ठेवलेत ते पाठ करून ठेवलं होतं, त्यामुळे निभत होतं. दुकान बंद करा म्हणतील म्हणून घरात बोललो नाही.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, शस्त्रक्रियेनं बरा होण्यासारखा. डॉक्टर तेवढंच बोलले, रागावले नाहीत. बाहेर बाकावर आम्ही चिठ्ठीची वाट बघत बसलो. अप्पांचा चेहरा हलका झाला होता. आता सांगून टाकलं ना, ते म्हणाले, बरं वाटतंय. आणि मला रडू फुटलं. त्यांना वाटलं त्यांच्यासाठी. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मोतीबिंदूला कुणी रडतं का असं काहीतरी बोलू लागले.

मी त्यांना सांगितलं. बॅटरीत काय असतं, पडलेली का चालत नाही, कागदावर काय लिहिलेलं असतं. विमान कधी आहे एवढंच त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, मी म्हटलं.

"म्हणजे अजून वेळ आहे," अप्पा म्हणाले. "चल, मी येतो तुझ्याबरोबर."

काकांचं घर मी तोवर पाहिलं नव्हतं. रिक्षातून उतरलो तेव्हा नुकता दिवा लागला होता. दार काकांनीच उघडलं. आतून एक बारीक, तालात चालणारा आवाज येत होता, थांबत थांबत फुंकर घातल्यासारखा. तो आवाज मी ओळखला, कारण कारखान्याच्या चाचणीच्या टेबलावर तो रोज ऐकत होते. खिडकीजवळच्या खुर्चीत काकू बसल्या होत्या. नाकाला नळी, मांडीवर यंत्र, आणि यंत्राच्या पोटात आमचीच बॅटरी. दुपारी काका लवकर का निघाले ते तेव्हा कळलं. काकूंना त्या दिवशी धाप जास्त होती.

अप्पा दाराजवळच उभे राहिले. मी काकांना सगळं उभ्या उभ्या सांगितलं. मला वाटलं होतं ते ओरडतील. त्यांनी विचारलं, टेबलावरून पडली की हातातून? सपाट पडली की कोपऱ्यावर? कितव्या खोक्यात आहे? मी सांगितलं की तिसऱ्या. ती शेवटची होती, पण खोकं बंद करण्याआधी दोन बॅटऱ्यांचे कप्पे मी बदलले होते, त्यामुळे कुठल्या कप्प्यात ते नक्की नाही. नंबर लिहून ठेवला नव्हता. त्यांनी मान हलवली, फोन घेतला आणि आतल्या खोलीत गेले.

काकूंनी मला जवळ बोलावलं. त्या दोन-तीन शब्द बोलत, थांबत, पुन्हा बोलत.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं.

"आत उप्पिट्टु आहे. खा. तू सांगितलंस ना. आता ते बघतील." मग श्वास घेऊन त्यांनी मांडीवरच्या यंत्रावर हात ठेवला. "हे जेव्हा वाजतं ना, तेव्हा मी म्हणते, कुणीतरी आतली बॅटरी नीट केलीय. मला ती माणसं माहीत नाहीत. पण रोज त्यांच्यावर विसंबते."

मी खाल्लं नाही. अप्पांनी मात्र उपम्याचे दोन घास घेतले, त्यांचा मान ठेवायचा म्हणून.

काका बाहेर आले. बेंगळुरूला माल पोहोचवणाऱ्या एजंटला त्यांनी गाठलं होतं. ती तीन खोकी गोदामात बाजूला ठेवली जातील, कुणी हात लावणार नाही. पण ज्यांनी बांधली त्यांनीच येऊन उघडायची, पुन्हा बांधायची, नवा कागद करायचा. पहाटेच्या बसनं निघू, ते म्हणाले. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी पिठाचा एक मोठा पत्र्याचा डबा रिकामा केला आणि अंगणातल्या बांधकामाच्या ढिगातून कोरडी वाळू त्यात भरू लागले. अप्पा खाली बसून त्यांना चाळून देत होते. दोन म्हातारे पुरुष वाळू चाळत होते आणि मी बघत होते. माझ्याच्यानं तेही होत नव्हतं.

बसमध्ये काका खिडकीशी बसले आणि डबा पायांमध्ये धरून झोपले. मी मंड्यापासून केंगेरीपर्यंत ऊस आणि भाताची शेतं बघत राहिले.

गोदामातल्या माणसानं आम्हाला एका कोपऱ्यात टेबल दिलं आणि स्वतः चार पावलं दूर उभा राहिला. पहिली दोन खोकी आम्ही न उघडता बाजूला ठेवली. तिसऱ्यातल्या आठही बॅटऱ्या काढून काकांनी ओळीत मांडल्या. आठही सारख्या दिसत होत्या. काकांनी घाई केली नाही. एकेक उचलून ते पिशवीतून बाहेर काढत, मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून तापली आहे का ते बघत, टोकं बघत. पाचव्या बॅटरीला त्यांनी थांबून उजेडाकडे धरलं.

"हिच्या टोकांवर दुहेरी पट्टी लावलीस तू," ते म्हणाले. "बाकी सगळ्यांना एकेरी."

मला ते आठवतही नव्हतं. मनातली भीती हातानं परस्पर करून टाकली होती. कोपऱ्यावरची ती चुणीही तिथेच होती. काकांनी मीटर लावला. बाकीच्या सातांचा आकडा जवळजवळ एकच होता, हिचा थोडा उतरला होता. फार नाही. एखादा म्हणाला असता की एवढ्यानं काय होतंय. आणि कदाचित काही झालंही नसतं. ती विमानात चढली असती, डोंगरात उतरली असती, कुणाच्या तरी यंत्रात वर्षभर चालली असती. हे मला आजही माहीत नाही, आणि कधी कळणारही नाही.

काकांनी तिला वाळूत ठेवलं, वरून वाळू घातली, झाकण न लावता डब्याला दोरी बांधली. मी ते खोकं नव्यानं बांधलं, वजन केलं, तेवीसचा कागद भरला. सही करायची वेळ आली तेव्हा मी पेन त्यांच्याकडे दिलं. त्यांनी ते घेतलं आणि सही केली.

वाळूतला डबा माणसांनी भरलेल्या बसमधून न्यायचा नव्हता. मैसूरला रिकामा परतणारा एक उघडा टेम्पो काकांनी ठरवला. डबा मागे, मधोमध, दोरीनं जखडला आणि आम्ही पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो. मद्दूरला चहासाठी थांबलो तेव्हा ड्रायव्हर हात-तोंड धुवायला गेला. काकांनी मागे जाऊन वाळूवर तळहात धरला, मग माझ्या समोर येऊन बसले.

मी म्हटलं की मी नोकरी सोडते.

त्यांनी चहा संपवला. मग सांगू लागले. तरुणपणी ते दुसऱ्या एका कारखान्यात होते, तिथे विजेचे मोठे ट्रान्सफॉर्मर बनत. एकदा घाईत त्यांनी एक बोल्ट पुरा न आवळता यंत्र बंद केलं. घरी गेल्यावर आठवलं, पण सांगितलं नाही. यंत्र दूर कुठल्याशा धरणावर गेलं. पुढे काय झालं ते त्यांनी कधी विचारलं नाही, कारण विचारलं तर का विचारता असं कुणी म्हणेल.

"काही झालं नसणार," ते म्हणाले. "झालं असतं तर कळलं असतं. पण इतकी वर्षं झाली, पेपरात कुठल्या धरणावर काही घडल्याचं आलं की मी सगळ्यात आधी त्या धरणाचं नाव बघतो. तू हे आयुष्यभर करणार नाहीस. कालच सोडवून घेतलंस स्वतःला."

समोरच्या बशीत मद्दूर वडा होता, तो त्यांनी माझ्याकडे सरकवला आणि आदल्या दुपारपासून पहिल्यांदा मी काहीतरी खाल्लं.

कारखान्याचे मालक मात्र रागावले. त्यांचं रागावणं चूक नव्हतं. एक रुग्णालय एका बॅटरीसाठी थांबलं होतं, एजंटनं चार गोष्टी सुनावल्या होत्या. त्यांनी मला केबिनमध्ये उभं केलं आणि सांगितलं की महिनाअखेरपर्यंतच यायचं. काका बाजूला उभे होते. ते मालकांना कन्नडमध्ये जे म्हणाले ते मला शब्दशः आठवतं, म्हणून मराठीत लिहिते.

"हिला काढलंत तर उद्या दुसऱ्या कुणाच्या हातातून बॅटरी पडेल, आणि तो सांगणार नाही. मग ती आपल्याला विमान पेटल्यावर कळेल. हिला ठेवलंत तर तो सांगेल. काय पाहिजे ते तुम्ही ठरवा."

मालक बराच वेळ टेबलावरचे कागद नीट करत राहिले. मग म्हणाले की सहा महिने हिची सही चालणार नाही. बॅटरी पडल्याची नोंद तिनं स्वतःच्या अक्षरात रजिस्टरमध्ये करायची आणि सगळ्यांसमोर वाचायची. मी वाचली. दोनदा मागे जाऊन ओळ पुन्हा वाचावी लागली. कुणी हसलं नाही. पुढच्याच आठवड्यात चाचणीच्या टेबलावरची बाई, जी माझ्याशी कधी फारशी बोलत नसे, एक बॅटरी घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली की ही आत्ता पडली. आम्ही दोघी मिळून ती वाळूत ठेवायला गेलो.

त्या सहा महिन्यांत अप्पांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढल्यावर त्यांनी सगळ्यात आधी आईच्या साडीकडे बघितलं आणि ती इतकी भडक आहे हे आपल्याला माहीत नव्हतं असं सांगितलं. आई दिवसभर फुगून बसली. दुकान अजून चालू आहे.

काकांच्या घरी मी रविवारी जाऊ लागले. आधी काकूंना भाजी आणून द्यायची म्हणून, मग नुसतीच. त्यांच्याकडून मी जुन्या मराठी ओव्या ऐकल्या, ज्यांतले निम्मे शब्द त्यांनाही कळत नव्हते. त्यांची एकुलती मुलगी इंदूरला असते. तिला बाळ झालं तेव्हा काकूंनी जायचा हट्ट धरला. रेल्वेनं दोन दिवस त्यांना झेपणार नव्हते. डॉक्टर म्हणाले, विमानानं जाऊ शकतील, यंत्र बरोबर हवं. काका तोवर निवृत्त झाले होते. ते आयुष्यभर खोकी पाठवत आले होते, पण माणूस आणि बॅटरी एकाच विमानात कशी पाठवायची ते त्यांना माहीत नव्हतं. ते काम त्यांनी माझ्यावर सोपवलं.

मी आठवडाभर त्याच्या मागे होते. विमान कंपनीची परवानगी, डॉक्टरांचं पत्र, बॅटरीची क्षमता लिहिलेला कागद. उड्डाणाच्या वेळेपेक्षा बराच जास्त पुरेल एवढा साठा हवा, म्हणून यंत्रातल्या बॅटरीखेरीज आणखी दोन. त्या सामानात द्यायच्या नाहीत, खालच्या माल ठेवायच्या जागेत तर मुळीच नाही. हातातल्याच पिशवीत, प्रत्येकीची टोकं झाकलेली, प्रत्येकीला वेगळी पिशवी. कारण वर काही झालंच तर माणसाच्या नजरेसमोर व्हावं, म्हणजे लगेच हात घालता येतो. हे मी काकूंना तीनदा समजावलं. त्यांनी तिन्ही वेळा नीट ऐकून घेतलं.

विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या आधी मी कागद पुन्हा एकदा क्रमानं लावून काकांच्या हातात दिले. ते जरा गोंधळले होते. सही कुठे लागेल का असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, लागली तर मी केलेली आहे, शेवटच्या पानावर. त्यांनी पान उलटून बघितलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. काचेच्या पलीकडे काकू चाकाच्या खुर्चीत मागे न बघता गेल्या. त्यांना मान वळवली की धाप लागते.

इंदूरहून दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. बाळ कुणावर गेलंय ते सांगून झालं, जावयाच्या घरी पोहे किती वेळा करतात ते सांगून झालं. मी विचारलं, विमानातून खाली काय दिसलं? काकू म्हणाल्या की बघितलंच नाही. पिशवी नजरेसमोर ठेवायला सांगितली होतीस ना. सबंध वेळ ती मांडीवर धरून, तिच्याकडेच बघत बसले. शेजारच्या बाईला वाटलं, आत दागिने आहेत, आणि उतरेपर्यंत तीही बिचारी पिशवीवर लक्ष ठेवून होती.